अदृश्य किरण आणि वाढतीं हाडें

शाळेंतील एखादा मुलगा कबड्डी खेळतांना पडतो. गुडघ्यास मार लागतो, चार दिवस तो लंगडतो आणि पांचव्या दिवशीं पुन्हां मैदानांत उतरतो. असें दरवर्षीं कित्येक मुलांच्या बाबतींत घडतें व त्यांत काळजी करण्यासारखें कांहींच नसतें. परंतु एखाद्या मुलाचा गुडघा पंधरा दिवस झाले, महिना झाला, तरी दुखतच राहतो. दिवसा तो कसाबसा चालतो. रात्रीं मात्र वेदनेनें झोपेंतून उठून बसतो. आई गरम तेलानें पाय चोळते, आजी लेप घालते, शेजारी कोणी हाडवैद्याचें नांव सुचवितात. असे दोन महिने जातात आणि एके दिवशीं गुडघ्याच्या वरच्या बाजूस टणक फुगवटा हातास लागतो. असें दुखणें क्वचित् हाडाच्या कर्करोगाचें असूं शकतें. या रोगावर किरणोपचार म्हणून जो उपाय आहे त्याचें खरें कार्य कोणतें, तो कोठें उपयोगी पडतो व कोठें पडत नाहीं, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आरंभींच सांगावयास हवें कीं, हा रोग फार विरळा आहे. वाढत्या वयांत पुष्कळ मुलांचे पाय संध्याकाळीं दुखतात. पण ते दोन्ही पाय दुखतात, आणि सकाळीं मूल हसतखेळत उठतें. अशा दुखण्यांत भय नाहीं. खेळांतील मारामुळें कर्करोग होतो, ही समजूतहि खरी नव्हे. मार लागल्यामुळें आधींपासून असलेल्या दुखण्याकडे लक्ष जातें, इतकेंच. ज्या दुखण्यानें सावध व्हावें तें असें: एकाच जागीं होणारें, दिवसेंदिवस वाढणारें, रात्रीं बळावणारें आणि दोनतीन आठवड्यांत न थांबणारें. त्यासोबत सूज असेल, किंवा किरकोळ धक्क्यानें हाड मोडलें असेल, तर त्याच आठवड्यांत क्ष-किरण-चित्र काढून घ्यावें. तें काढण्यास कांहीं मिनिटें लागतात. न काढल्यानें मात्र महिने वायां जातात.

मुलांच्या हाडांत मुख्यतः दोन प्रकारचे कर्करोग आढळतात. पहिल्याचें नांव ऑस्टिओसार्कोमा. यांतील रोगट पेशी स्वतःच कच्चें हाड तयार करतात. मूल झपाट्यानें उंच होऊं लागतें त्या वयांत तो विशेष दिसतो, आणि वाढ जेथें सर्वांत जोराची तेथेंच बहुधा तो उद्भवतो. म्हणजे मांडीच्या हाडाचें खालचें टोंक, नडगीचें वरचें टोंक, किंवा खांद्याजवळ दंडाचें हाड. दुसरा यूइंगचा सार्कोमा. तो लांब हाडांच्या मधल्या भागांत, कमरेच्या हाडांत किंवा बरगड्यांत होतो. त्यांत पुष्कळदां ताप येतो व जागा लाल होते, त्यामुळें हाडांत पू झाला असावा असा भ्रम होतो. घरच्या मंडळींस दोन्ही रोग सारखेच दिसतात; एक गांठ, एक वेदना. परंतु किरणांपुढें या दोहोंचें वर्तन अगदीं भिन्न आहे. हा भेद लक्षांत ठेवला कीं या विषयाचें अर्धें कोडें सुटलें असें समजावें.

आतां हे किरण कोणते तें पाहूं. इ. स. १८९५ च्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें राँटजेन या शास्त्रज्ञांस क्ष-किरणांचा शोध लागला. पुढें १८९८ सालीं पॅरिस येथें मारी व पियेर क्यूरी या दांपत्यानें रेडियम हें मूलद्रव्य शोधून काढलें. या द्रव्यांतून रात्रंदिवस आपोआप किरण बाहेर पडतात. हे किरण डोळ्यांस दिसत नाहींत, अंगास लागत नाहींत, त्यांस वास नाहीं, आवाज नाहीं. तरी शरीरांतून आरपार जातांना ते पेशींच्या अंतरंगांत खोल जखम करतात. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत डीएनए नांवाचा एक लांब धागा असतो. पेशीनें काय करावें व केव्हां दुभंगून आपल्यासारखी दुसरी पेशी निर्माण करावी, याचे सारे हुकूम त्या धाग्यांत साठविलेले असतात. किरण हा धागा तोडतात. निरोगी पेशीस तो सांधण्याचें सामर्थ्य बहुतांशीं असतें. कर्करोगाच्या पेशी मात्र पुनःपुन्हां दुभंगत असतात आणि तुटलेले धागे नीट सांधण्याचें काम त्यांस तितकेंसें साधत नाहीं. म्हणून त्या मरतात.

आपल्याकडे कोणी या उपचारास ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट’ म्हणतात. ‘शेक’ या शब्दानें आंत कांहीं भाजलें जात असावें असें मनांत येतें व मूल घाबरतें. वास्तविक पाहतां येथें उष्णतेचा जवळजवळ संबंधच नाहीं. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या मापानें मोजतात. एक किलो वजनाच्या भागांत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे एक ग्रे झाला. संपूर्ण उपचारांत पन्नास ग्रे दिले असें धरलें व ती सारी ऊर्जा एकदम पाण्यांत सोडली, तर त्या पाण्याचें तपमान एका अंशाच्या सुमारें शंभराव्या भागानें वाढेल! एवढ्या अल्प ऊर्जेनें गांठ नाहींशी होते, याचें कारण ती ऊर्जा नेमकी त्या नाजूक धाग्यावर आघात करते. विज्ञानाच्या तासाला ज्यांनीं उष्णतेचें गणित केलें आहे त्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.

कोणता कर्करोग किरणांस शरण जातो, हें कळण्यास एका लहान मुलीचें दुखणें कारण झालें. न्यूयॉर्क येथें डॉ. जेम्स यूइंग नांवाचे रोगनिदानशास्त्रज्ञ होते. चौदाव्या वर्षीं त्यांस स्वतःलाच हाडांत पू होण्याचा रोग झाला होता व दोन वर्षें त्यांस अंथरुणावर पडून राहावें लागलें होतें. मोठेपणीं त्यांच्याकडे चौदा वर्षांचीच एक मुलगी आली. तिच्या हाताच्या, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडांत गांठ होती. ऑस्टिओसार्कोमा समजून रेडियमचे किरण दिले गेले आणि गांठ विरघळून गेली. ज्या रोगावर किरणांचा फारसा परिणाम होत नाहीं असें सर्व जाणत होते, तो रोग असा कसा विरघळला? यूइंग यांनीं अधिक शोध केला व १९२१ सालीं जाहीर केलें कीं, हा निराळाच रोग आहे. तेव्हांपासून त्यास त्यांचें नांव मिळालें. रोगाची ओळख प्रथम किरणांनींच करून दिली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तरी पण तेवढ्यानें रोगी बरे होत नव्हते. गांठ जाई, पण कांहीं महिन्यांनीं फुफ्फुसांत नव्या गांठी दिसत. कारण रोगाचे सूक्ष्म कण रक्तावाटे आधींच पसरलेले असत. शंभरांपैकीं दहा मुलेंहि वांचत नसत. १९६० नंतरच्या दशकांत रसायनोपचार, म्हणजे सर्व शरीरांत फिरणारीं औषधें, हातीं आलीं तेव्हां चित्र पालटलें. औषधांनीं दूरवरचे कण मारावयाचे आणि मूळ गांठीचा बंदोबस्त शस्त्रक्रियेनें, किरणांनीं किंवा दोहोंनीं करावयाचा, अशी वांटणी ठरली. आज रोग एकाच जागीं असतांना सांपडला व उपचार पुरे झाले, तर उत्तम रुग्णालयांत शंभरांपैकीं सुमारें सत्तर मुलें जगतात. गांठ कमरेच्या हाडांत किंवा पाठीच्या कण्यांत असली, जेथें सुरी सुरक्षितपणें चालवितां येत नाहीं, तेथें किरण हाच मुख्य आधार होतो. शस्त्रक्रियेनंतर कडेला रोगाचे अवशेष उरल्याची शंका असेल तेथेंहि किरण देतात.

ऑस्टिओसार्कोमाची गोष्ट उलट आहे. तो किरणांस सहजासहजीं दाद देत नाहीं; त्यावर मुख्य उपाय शस्त्रक्रिया व औषधें हाच. पूर्वीं अवयव कापून टाकण्यावांचून मार्ग नव्हता, आणि कापूनहि पांचांतील एखादेंच मूल वांचे. इंग्लंडमधील सर स्टॅन्फर्ड केड या शल्यवैद्यांस याचें फार वाईट वाटे. पाय कापून घ्यावा आणि मुलानें दोनचार महिन्यांतच फुफ्फुसाच्या गांठीनें जावें, हें त्यांस क्रूर वाटलें. म्हणून ते प्रथम किरण देत, कांहीं महिने वाट पाहत, आणि फुफ्फुसें स्वच्छ राहिलीं तरच अवयव कापीत. किरणांनीं येथें रोग बरा होत नसे, पण मुलाचे अखेरचे दिवस तरी दोन पायांवर जात. आज औषधांमुळें ही पद्धति मागें पडली आहे. एकाच जागीं असलेल्या या रोगांत शंभरांपैकीं साठ-सत्तर मुलें जगूं शकतात, व बहुतेकांचा पाय कापावाहि लागत नाहीं. रोगट तुकडा काढून तेथें धातूचा सांधा बसवितात. किरण मात्र कवटीच्या तळाशीं किंवा कण्यांत, जेथें शस्त्रक्रिया अशक्य, तेथें अधिक मात्रेनें द्यावे लागतात. रोग फार पसरला असतां वेदना शमविण्यासाठीं एकाच बैठकींत आठ ग्रे किरण दिले तरी पुष्कळांस आराम पडतो; तीहि सेवाच आहे.

वाचकांच्या मनांत येथें एक प्रश्न येईल. किरण इतके गुणकारी, तर यूइंगच्या रोगांत सर्वच मुलांस तेच कां देऊं नयेत? सुरीची भीति कशास? याचें उत्तर असें कीं, वाढत्या हाडास किरणांची किंमत द्यावी लागते. हाडांच्या टोंकांशीं कूर्चेची पातळ पट्टी असते. तेथूनच हाड लांब होतें. पायाच्या लांबीचा सुमारें दोन-तृतीयांश भाग गुडघ्याच्या वरखालीं असलेल्या दोन पट्ट्यांतून वाढतो. दहा वर्षांच्या मुलाच्या त्या पट्टीवर पूर्ण मात्रा दिली तर तेथील वाढ खुंटते व तो मोठा होईल तेव्हां एक पाय आंखूड राहतो. किरण लागलेलें हाड पुढें ठिसूळ होऊन मोडण्याचाहि संभव असतो. आणखी एक भय आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारांत चमकणारे अंक रंगविण्याच्या कामास तरुण मुली लावीत. त्या रंगांत रेडियम असे, आणि कुंचल्यास टोंक आणण्यासाठीं त्या मुली तो ओठांत धरीत. कॅल्शियमप्रमाणें रेडियमहि हाडांत जाऊन बसतें. पुढें त्यांपैकीं कित्येकींच्या जबड्यांचीं हाडें झडलीं व कांहींस हाडाचाच कर्करोग झाला. जें द्रव्य रोग घालवितें तेंच तो उत्पन्न करूं शकतें! उपचारांतील किरण नेमून दिलेल्या जागीं व मोजून दिलेले असतात, म्हणून हा धोका अल्प आहे. पण मुलापुढें साठ वर्षांचें आयुष्य पडलेलें असल्यानें वैद्यास तो विसरतां येत नाहीं.

आपल्या प्रांतांत या विद्येचें माहेरघर म्हणजे मुंबईतील परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय. त्याच्या जन्माशींहि रेडियमचा संबंध आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें परदेशीं वारल्या. तेथें मिळणारे उपचार आपल्या देशांतील लोकांसहि मिळावेत, येथें रेडियम आणावें, अशी इच्छा सर दोराबजींच्या मनांत रुजली. पण पुढच्याच वर्षीं तेहि निवर्तले. त्यांच्या मागें विश्वस्तांनीं तें कार्य पुरें केलें आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं रुग्णालय उघडलें. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ सालीं अणुऊर्जा विभागाकडे गेलें. रेडियमची जागा पुढें कोबाल्टनें घेतली. कोबाल्टची शक्ति सव्वापांच वर्षांत निम्मी होते, म्हणून त्याचा सांठा अधूनमधून बदलावा लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्रानें बनविलेल्या स्वदेशी कोबाल्ट-यंत्रास ‘भाभाट्रॉन’ असें नांव आहे. मोठ्या रुग्णालयांत आतां विजेच्या बळावर किरण निर्माण करणारीं यंत्रें असतात. तीं बंद केलीं कीं किरणहि बंद.

याच टाटा रुग्णालयांत शल्यवैद्य व किरणवैद्य मिळून एक विलक्षण युक्ति करतात. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या मधल्या भागांत गांठ असली, तर तो तुकडा शस्त्रक्रियेनें बाहेर काढतात. त्यावरील मांस व आंतील मगज खरवडून स्वच्छ करतात, निर्जंतुक वेष्टनांत गुंडाळतात आणि मूल शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल घेऊन निजलेलें असतांनाच तो तुकडा किरणयंत्राकडे नेतात. तेथें त्यास एकाच वेळीं पन्नास ग्रे किरण देतात. शरीरांत असतांना एवढी मात्रा एकदम दिली असती तर भोंवतालचें मांस, रक्तवाहिन्या व कातडी नासून गेलीं असतीं. पण बाहेर काढलेल्या तुकड्याच्या भोंवतीं वांचवावयाचें कांहींच नसतें. त्यांतील एकूणएक पेशी मरतात, हाडाचा सांगाडा मात्र शाबूत राहतो. मग तोच तुकडा परत आणून पट्ट्या व स्क्रू यांनीं जागेवर बसवितात. मुलाचें स्वतःचें हाड, म्हणून माप तंतोतंत जुळतें. धातूच्या महाग सांध्याचा खर्च वांचतो. आणि हळूहळू दोन्ही टोंकांनीं जिवंत हाड त्याच्याशीं सांधलें जातें. सांधा जुळण्यास महिने लागतात, क्वचित् जंतुसंसर्ग होतो किंवा तुकडा मोडतो. प्रत्येकास ही युक्ति चालत नाहीं. तरी २०१० सालीं या रुग्णालयांतील वैद्यांनीं अस्थिशल्यविषयक भारतीय मासिकांत आपला अनुभव प्रसिद्ध केला, त्यावरून आपल्या देशांतील सामान्य घरच्या मुलांस हा मार्ग किती सोयीचा आहे हें दिसून येतें.

जें हाड बाहेर काढतां येत नाहीं, त्यासाठीं किरणांसच अधिक शहाणपण शिकवावें लागतें. क्ष-किरण गांठीच्या पलीकडेहि जातात. प्रोटॉन नांवाचे कण मात्र ठरविलेल्या खोलीवर पोहोंचून तेथेंच थांबतात. कण्यांतील गांठीच्या पुढें आंतडीं किंवा हृदय असलें तर याचें महत्त्व सहज कळेल. खारघर येथील टाटा केंद्रांत २०२३ सालापासून प्रोटॉन-उपचार सुरू झाले आहेत. सर्वांस त्यांची गरज नसते. मुलांस, ज्यांचीं अंगें अजून वाढावयाचीं आहेत, त्यांचा लाभ विशेष.

नेहमींच्या किरणोपचारांत मुलास काय करावें लागतें? प्रथम त्याचा अवयव रोज त्याच स्थितींत राहावा म्हणून साचा तयार करतात. गणिती हिशेब करून किरणांच्या दिशा ठरवितात. मग आठवड्यांतून पांच दिवस, रोज सुमारें १.८ ग्रे याप्रमाणें पांचसहा आठवडे किरण देतात. किरण सुरू असतांना मूल खोलींत एकटें असतें, पण कांहीं मिनिटेंच. डॉक्टर व तंत्रज्ञ त्यास पडद्यावर पाहत असतात व त्याच्याशीं बोलूं शकतात. वेदना होत नाहीं. कांहीं दिवसांनीं कातडी लाल होते, थकवा येतो. मात्रेचे असे लहान भाग करण्यांत मर्म आहे: दोन बैठकींच्या मधल्या वेळांत निरोगी पेशी आपली जखम सांधतात, रोगट पेशी मागें पडतात. मध्येंच आठवडाभर खंड पडला तर रोगट पेशींसहि सांवरण्यास अवधि मिळतो.

म्हणूनच आपल्या भागांतील पालकांस कांहीं गोष्टी आग्रहानें सांगाव्याशा वाटतात. चोपड्याहून जळगांव गांठून मुंबईस जाणें व तेथें कित्येक महिने राहणें, हें शेतकरी कुटुंबास सोपें नाहीं. दोनतीन वेळां औषध पडल्यावर गांठ बसते, वेदना थांबते, आणि इकडे कपाशीची वेचणी किंवा केळीची कापणी आलेली असते. ‘पोर बरें झालें’ असें वाटून कुटुंब परत येतें. आणि अर्धवट मेलेला रोग पुन्हां डोकें वर काढतो, तो पूर्वीपेक्षां अधिक हट्टी होऊन. गांठ दिसेनाशी झाली म्हणजे रोग गेला असें नव्हे. उपचारांची ठरलेली संख्या पुरी झाली म्हणजेच काम पुरें झालें. दुसरें, संशय असलेल्या गांठीवर मालीश करूं नये, ती दाबूं नये, डाग देऊं नये. तिसरें, तपासणीसाठीं गांठीचा तुकडा, ज्या रुग्णालयांत पुढील उपचार व्हावयाचे तेथेंच काढवावा. भलत्या जागीं छेद घेतला तर वांचण्याजोगा पाय गमवावा लागतो. खर्चासाठीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. दादर येथील गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा बाहेरगांवच्या कर्करोग्यांस व त्यांच्या माणसांस आसरा देते. किरणोपचाराची सोय छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयांतहि आहे. कोठें जावें हें डॉक्टरांच्या सल्ल्यानें ठरवावें.

आतां विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. असा एखादा सोबती वर्षभरानें वर्गांत परत येईल. औषधांनीं त्याचे केस गेलेले असतील, तो काठी घेऊन चालत असेल. त्याचा रोग कोणास लागत नाहीं. बाहेरून दिलेले किरण त्याच्या अंगांत सांठून राहत नाहींत; त्याच्या शेजारीं बसण्यानें, त्याच्या डब्यांतील भाकरी खाण्यानें कोणासहि कांहीं होत नाहीं. त्याला आपल्या बाकावर जागा द्यावी, बुडालेल्या धड्यांच्या वह्या द्याव्या, आणि मैदानावर गुण लिहिण्याचें काम त्याच्याकडे सोंपवावें. डॉक्टरांनीं हाड सांधलें. वर्षभर तुटलेलें शाळेशीं नातें सांधण्याचें काम त्याच्या वर्गाचें आहे.

आणि आपल्यापैकीं कोणाचा गुडघा रात्रीं दुखत असेल, तर खेळांतून काढतील या भीतीनें तो लपवूं नये. घरीं सांगावें, शिक्षकांस सांगावें. बहुतेक वेळीं तो साधा मारच निघेल आणि सर्वांचा जीव हलका होईल. क्वचित् तसें नसलें, तर लौकर सांगितल्यामुळें वैद्याच्या हातीं सुरी, औषध आणि किरण या तिन्ही साधनांतून निवड करण्यास वेळ राहील.